वेस्टमिन्स्टरचा प्रासाद आणि गिरमिटाचा कागद

मॉरिशसहून लंडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींची संख्या आता लहान राहिलेली नाही. कोणी मुलाच्या पदवीदानासाठी जातो, कोणी इस्पितळात परिचारिका असलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी. तेथे गेल्यावर थेम्स नदीच्या पुलावर उभे राहून मागे घड्याळाचा मनोरा येईल असे छायाचित्र काढून घेतल्यावाचून कोणी परत येत नाही. बिग बेन हे नाव मुळात आतील घंटेचे. मनोऱ्यास २०१२ सालापासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. परंतु त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी जी वास्तू पसरली आहे, तिच्या आत पाऊल टाकणारे आपल्यांत थोडेच. वास्तविक आपल्या घराण्यांच्या दृष्टीने पाहिले तर मनोऱ्यापेक्षा ती वास्तूच अधिक जवळची होय.

कास्काव्हेल गावचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे सारे आयुष्य साखर कारखान्यात गेले, ते आपल्या नातीकडे लंडनला गेले असता एका शनिवारी ही वास्तू पाहावयास गेले. पार्लमेंटचे काम चालू नसते अशा दिवशी, मुख्यतः शनिवारी व सुटीच्या काळात, तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर आत फिरता येते. नातीने तिकिटे आगाऊ काढली होती. म्हाताऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशात एक घडी केलेला कागद ठेवला होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. तेथून मिळालेला तो उतारा. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, गाव, जिल्हा रत्नागिरी, बंदर मुंबई, आणि या सर्वांच्या वर एक क्रमांक. दारावरील पहारेकऱ्याने विमानतळावर करतात तशी तपासणी केली, तो कागदही उलगडून पाहिला आणि परत दिला.

प्रवेश होतो तो वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. बाहेरचा नक्षीदार प्रासाद एकोणिसाव्या शतकातला असला तरी हे दालन खरोखर प्राचीन आहे. विल्यम रूफस राजाने ते १०९७ ते १०९९ या काळात बांधविले. वरचे ओकच्या लाकडाचे छत दुसऱ्या रिचर्डच्या वेळचे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरचे. मधे एकही खांब नाही. आत येणारा मनुष्य आपोआप आवाज खाली आणतो. पहिल्या चार्ल्स राजाला १६४९ साली देहान्ताची शिक्षा येथेच सुनावण्यात आली. जमिनीत बसविलेल्या पितळी पाट्या असे प्रसंग सांगतात आणि मार्गदर्शक एकेक पाटी दाखवीत पुढे जातात.

मराठी मनुष्याने ज्या प्रसंगापाशी थोडे थांबावे तो म्हणजे वॉरन हेस्टिंग्जवरील खटला. १७८२ साली मराठ्यांशी सालबाईचा तह झाला तेव्हा गव्हर्नर-जनरल असलेला हाच तो हेस्टिंग्ज. हिंदुस्थानातील त्याच्या कारभाराबद्दल पार्लमेंटने त्याच्यावर आरोप ठेवले आणि १७८८ च्या फेब्रुवारीपासून १७९५ च्या एप्रिलपर्यंत, मधून मधून बैठकी भरवीत, तो खटला या छताखाली चालला. शेवटी तो निर्दोष सुटला. आरोप करणाऱ्यांचा अग्रणी एडमंड बर्क. या बर्कसंबंधी एक गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नसते. राघोबादादांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील विलायतेस धाडले होते. परक्या हातचे अन्न त्यांना वर्ज्य. १७८१ साली बर्कने त्यांना आपल्या गावाकडील घरी नेले आणि स्वयंपाक व स्नानसंध्या आपल्या रीतीने करता यावी म्हणून काचेचे झाडांचे घर त्यांना मोकळे करून दिले. राघोबादादांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, विलायतेत चूल पेटविण्यास जागा मागणारा तो मनुष्य आपल्याला ओळखीचा वाटतो.

हॉलच्या टोकाशी असलेल्या पायऱ्या चढून गेल्यावर सेंट स्टीफन्स हॉल लागतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १८३४ पर्यंत कॉमन्स सभा भरत असे ती याच ठिकाणी, जुन्या प्रार्थनामंदिरात. ते मंदिर आता नाही. त्याच्या जागेवर हे दालन उठविले आहे. सभापतींची खुर्ची कोठे होती हे दाखविणारे पितळी खिळे फरशीत ठोकलेले आहेत. दोन्ही बाजूंस बर्क, फॉक्स, पिट आदिकरून वक्त्यांचे पुतळे. भिंतीवरील मोठ्या चित्रांपैकी एकात सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारात उभा आहे, आणि इंग्रजांच्या हिंदुस्थानातील प्रभावाचा पाया त्याने सौजन्याने व दृढतेने घातला अशा अर्थाचा मजकूर त्याखाली आहे. नातीने तो वाचून दाखविला तेव्हा म्हातारे नुसते हसले.

त्या पितळी खिळ्यांच्या आसपास जे घडले त्यावाचून आपण मॉरिशसला आलोच नसतो. १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा आणि १८३३ साली गुलामगिरीच नष्ट करणारा कायदा कॉमन्स सभेने संमत केला तो येथे. दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली तीही येथेच; ती मालकांना, गुलामांना एक पैदेखील नव्हे. त्यांपैकी वीस लक्ष पौंडांहून अधिक रक्कम मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वाट्यास आली. मॉरिशसमध्ये हा कायदा १८३५ च्या १ फेब्रुवारीपासून अमलात यावयाचा होता. हातात रोख पैसा, शेतात ऊस, आणि मजूर मात्र हातचे जाणार, अशा स्थितीत मळेवाल्यांची दृष्टी समुद्रापलीकडे वळली यात नवल नाही.

येथे दोन तारखा शेजारी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यात छत्तीस मजुरांनी पाच वर्षांचा करार केला. पुरुषांना दरमहा पाच रुपये. हे लोक छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलुखातले. जुन्या कागदपत्रांत त्यांस ‘धांगर’ म्हटले आहे. त्यावरून ते आपले मेंढपाळ धनगर असावेत असा समज काही मराठी घरांतून आहे, तो खरा नव्हे. ‘अॅटलास’ जहाजातून ते निघाले. ते समुद्रावर असताना, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री, वेस्टमिन्स्टरचा हा सारा जुना प्रासाद जळाला. सरकारी खजिन्यात पूर्वी हिशेब ठेवण्यासाठी खाचा पाडलेल्या लाकडी कांड्या वापरीत. निरुपयोगी झालेल्या कांड्यांचा ढीग लॉर्ड्स सभेखालच्या भट्टीत घालून जाळण्यात आला, भट्टी अतोनात तापली आणि आगीने घर धरले. पुढे पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, २ नोव्हेंबर रोजी, ‘अॅटलास’ पोर्ट लुईच्या बंदरात शिरले. एकीकडे जुन्या हिशेबाच्या कांड्या जळाल्या. दुसरीकडे एक नवा हिशेब सुरू झाला, ज्यात एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत पुढे पडली. मार्गदर्शकाने आगीची गोष्ट मोठ्या रंगतीने सांगितली. जहाजाची गोष्ट त्यांच्या कथनात नव्हती, आणि दीड तासात नऊशे वर्षे दाखवावयाची असताना ती असावी अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ती आपण घरून घेऊन जावी लागते.

पुढे आठ कोनांचे मध्यवर्ती दालन. एका हातास कॉमन्स, दुसऱ्या हातास लॉर्ड्स. कोणाही नागरिकाने येथे यावे आणि आपल्या मतदारसंघाच्या सभासदास बोलावून गाऱ्हाणे सांगावे, असा प्रघात आहे. भिंतीलगत बाके आहेत व त्यांवर कोणासही बसता येते. गुडघे दुखत असल्याने म्हातारे बसले. चारही बाजूंस चार मुत्सद्द्यांचे पुतळे आहेत, त्यांत एक लॉर्ड जॉन रसेल यांचा आणि एक ग्लॅडस्टन यांचा.

ग्लॅडस्टन चार वेळा इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले व आयर्लंडच्या स्वराज्यासाठी झगडले. त्या मोठेपणास कोणी उणे आणू नये. परंतु त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे डेमेरारात मोठे मळे होते. १८३३ च्या जूनमध्ये तरुण ग्लॅडस्टन सभागृहात उभे राहिले ते वडिलांच्या मळ्यावरील कारभाराचे समर्थन करण्यासाठी. गुलामांच्या भरपाईपोटी वडिलांस लाखाहून अधिक पौंड मिळाले. पुढे १८३६ च्या जानेवारीत याच जॉन ग्लॅडस्टन यांनी कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीस पत्र लिहून हिंदी मजूर मागविले. त्या पेढीने त्यापूर्वीच मॉरिशसला शेकडो माणसे धाडली होती. १८३८ च्या मेमध्ये पहिली दोन जहाजे डेमेरारास लागली. म्हणजे मॉरिशसचा अनुभव पाहून गयानाचा मार्ग उघडला, असेच म्हणावे लागते.

याविरुद्ध आवाज उठलाच नाही असे मात्र नाही. १८३८ च्या मार्चमध्ये लॉर्ड ब्रूअम यांनी लॉर्ड्स सभेत या नव्या व्यापारावर घणाघाती भाषण केले. आज दिसणारे सभागृह तेव्हा झालेले नव्हते. आगीनंतर लॉर्ड्स मंडळी ‘चित्रित दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खोलीत बसत, आणि ती खोलीही पुढे पाडण्यात आली. लौकरच मजूर पाठविण्यावर बंदी आली. १८४० साली वसाहतमंत्री असलेल्या लॉर्ड रसेल यांनी गयानासंबंधीच्या आपल्या खलित्यात अशी भीती व्यक्त केली की या मार्गाने एकतर भयंकर मनुष्यहानी होईल किंवा गुलामगिरीचीच एक नवी पद्धत उभी राहील. भीती खरी होती. तथापि १८४२ साली मॉरिशसपुरती बंदी उठली, आणि या वेळी कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीने मुंबई बंदरही अधिकृतपणे खुले झाले. कोकणातील आपली माणसे मोठ्या संख्येने निघाली ती त्यानंतर. मोरस देशची साखर, जिला पुढे देशावर ‘मोरस साखर’ असेच नाव पडले, ती कोण पिकवतो हे मुंबईच्या बाजारात विचारण्याचे कोणास कारण नव्हते.

नातीने हे सारे आजोबांच्या तोंडून बाकावर बसून ऐकले आणि विचारले, “आजा, मग या दोघांत आपला कोण?”

म्हातारे म्हणाले, “आपला कोणी नाही गो बाय. पण ज्याला भीती वाटली, तो त्यातल्या त्यात बरा.”

ज्या वर्षांत कोकणचे लोक मुंबईस जहाजावर चढत होते, त्याच वर्षांत एक मराठी मनुष्य लंडनमध्ये दारोदार हिंडत होता, हेही येथेच सांगणे उचित. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील रंगो बापूजी. त्यांनी या शहरात एका तपाहून अधिक काळ काढला. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत ते बोलले, पत्रके छापली. जोसेफ ह्यूम यांसारख्या सभासदांनी साताऱ्याचा प्रश्न कॉमन्स सभेत मांडला. निष्पन्न काही झाले नाही. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले. राजाला निदान वकील होता. गिरमिट करणाऱ्याला तोही नव्हता.

लॉर्ड्स सभागृह १८४७ साली पुरे झाले. चार्ल्स बॅरी हे या प्रासादाचे शिल्पकार, आणि आतील नक्षीकाम प्यूजिन यांचे. तांबड्या चामड्याची आसने, सोन्याने मढविलेले सिंहासन, पुढे लोकर भरलेली मोठी लाल बैठक. डोळे दिपून जातात, आणि थोड्या वेळाने थकतातही. मॉरिशसच्या पाहुण्यास येथे एक गंमत वाटते. कायद्यास राजाची संमती मिळाली की ती जुन्या नॉर्मन फ्रेंच भाषेत नोंदविली जाते. राणी गादीवर असता ‘ला रेन ल वो’, म्हणजे राणीची तशी इच्छा आहे. बरोबरच्या इंग्रज मंडळींना मार्गदर्शकाने त्याचा अर्थ समजावून दिला. क्रेओल बोलत वाढलेल्या नातीस तो सांगावा लागला नाही.

अशा संमतीचे मूळ कायदे कातड्याच्या गुंडाळ्यांवर लिहीत. आगीत कॉमन्सची पुष्कळ दप्तरे नष्ट झाली, परंतु लॉर्ड्स सभेची दप्तरे रस्त्यापलीकडील ज्युएल टॉवरमध्ये असल्याने वाचली. त्यांतच १८३३ चा गुलामगिरीबंदीचा कायदाही वाचला. नव्या प्रासादाचा व्हिक्टोरिया टॉवर हा उंच बुरूज मुद्दाम अशी दप्तरे आगीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी बांधला. दीर्घकाळ तेथे राहिल्यावर ही दप्तरे अलीकडे क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे नेण्यात आली आहेत.

दप्तरांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. १८७१ साली मॉरिशसच्या जुन्या गिरमिटियांनी, आदोल्फ द प्लेविट्झ या परोपकारी मळेवाल्याच्या साह्याने, आपल्या हालांचा अर्ज केला. त्यावर ९,४०१ सह्या होत्या. परवाना जवळ नाही म्हणून पकडणे, मजुरी अडवून ठेवणे, ही त्यातील गाऱ्हाणी. यावरून १८७२ मध्ये राजकीय चौकशी मंडळ नेमले गेले. त्याच्या दोन सभासदांपैकी फ्रेअर हे पूर्वी मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. मंडळाचा जाडजूड अहवाल १८७५ साली पार्लमेंटच्या दोन्ही सभांपुढे ठेवण्यात आला. गिरमिटिया मजूर या वास्तूत कधी शिरला असेल तर तो असा, छापील पानांतून, साक्षीच्या रूपाने.

शेवटी कॉमन्स सभागृह. लॉर्ड्सच्या झगमगाटानंतर हे साधे, हिरवे आणि अपेक्षेहून लहान वाटते. जर्मन बॉम्बने १९४१ च्या मेमध्ये जुने सभागृह उद्ध्वस्त झाले. गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधलेले नवे १९५० च्या ऑक्टोबरमध्ये उघडले. राष्ट्रकुटुंबातील देशांनी सामान दिले. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, टेबल कॅनडाचे, प्रवेशाची दारे हिंदुस्थान व पाकिस्तान यांची. सभासद ६५०, जागा ४२७. उशिरा येणारा उभा राहतो. दोन पक्षांच्या मधे गालिच्यावर दोन तांबड्या रेघा आहेत आणि बोलताना त्या ओलांडावयाच्या नाहीत असा दंडक आहे. बाकांवर पाहुण्यांनी बसावयाचे नाही, हे मार्गदर्शक दोनदा सांगतात. सभासदावाचून कोणी बसू नये हा नियम आहे व तो सर्वांस सारखा आहे.

आपल्यापैकी म्हणता येईल असा पहिला मनुष्य कॉमन्सच्या बाकावर बसला तो १८९२ साली: दादाभाई नवरोजी. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गणित शिकविणारे हे पारशी गृहस्थ फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. ते बाक बॉम्बमध्ये गेले.

आणि ज्या कायद्याने मॉरिशस स्वतंत्र झाले, तो १९६८ चा कायदा मात्र याच नव्या सभागृहातून गेला. १२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शाँ द मार्सवर चौरंगी ध्वज चढला. म्हातारे त्या दिवशी मुलगा होते, बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तो पाहिला होता. ज्या घरी छत्तीस मजुरांची दाद कोणी घेतली नव्हती, त्याच घरी त्यांच्या नातवंडांच्या राज्याचा कायदा व्हावा, ही घटना लहान नव्हे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही एक वस्तू आहे, आणि ती लपवू नये. १९६५ साली चागोस बेटे आपल्यापासून तोडण्यात आली ती राजाज्ञेने; त्यावर या सभागृहात मत घेतले गेले नाही. चागोसच्या लोकांना घराबाहेर काढले गेले तेही असेच. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते तोडणे बेकायदेशीर ठरविणारे मत दिले आणि मे २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी करारावर सह्या केल्या. एवढ्या वर्षांत किती चागोसवासी पोर्ट लुईच्या झोपड्यांत वारले, ते आपल्या शेजाऱ्यांस ठाऊक आहे.

सभागृहातून निघताना म्हाताऱ्यांनी मार्गदर्शकास एकच प्रश्न केला. मॉरिशसच्या मजुरांविषयी येथे बोलले गेलेले शब्द कोठे वाचावयास मिळतील? मार्गदर्शक बाई वयस्क व समंजस होत्या. सभागृहातील भाषणांचे जुने छापील वृत्तान्त आता कोणासही घरबसल्या पाहता येतात असे त्यांनी सांगितले, आणि मॉरिशसच्या गव्हर्नरांचा वसाहतखात्याशी झालेला पत्रव्यवहार क्यूच्या अभिलेखागारात आहे, तेथे ओळखपत्र दाखवून वाचकाचे कार्ड मोफत मिळते, असेही त्या म्हणाल्या. नातीने ते टिपून घेतले.

परत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आल्यावर म्हाताऱ्यांनी खिशातला कागद काढून नातीच्या हाती दिला आणि त्यावरील क्रमांकही त्या टिपणाखाली लिहून घ्यावयास सांगितला. क्यूचे अभिलेखागार रविवारी व सोमवारी बंद असते. तेव्हा मंगळवारची सकाळ ठरली.